ओव्हर म्हणायचं राहिलं

लहानपणी मोहने गावातल्या चाळीत आम्ही पोरं स्टॅच्यू खेळायचो. एकाने ‘स्टॅच्यू’ म्हटलं की दुसऱ्याने होता तसा थांबायचं, आणि ‘ओव्हर’ म्हणेपर्यंत हलायचं नाही. तोच खेळ मोबाइलवर आला तेव्हा मला त्यात नवीन काही वाटलं नाही. कॉलेजात जाणाऱ्या माझ्या मुलीने तो आधी स्वतःच्या फोनवर घेतला, मग गंमत म्हणून आजीच्या.

आजी म्हणजे माझी आई. वडील मोहन्याच्या कारखान्यात होते. कारखाना बंद पडला, पुढे वडीलही गेले, आणि आई आमच्याकडे कोपरला राहायला आली. तिला बसलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं. जेवायला बसली तरी एक पाय उठण्याच्या तयारीत असायचा. आमच्या घरीही तेच. भांडी घासून झाली की खिडक्या पुसायला घ्यायची.

खेळ असा होता. दिवसभरात कधीही एका लहान मुलीचा आवाज यायचा, ‘स्टॅच्यू’. सगळ्यांच्या फोनमधून एकदम. स्क्रीनवर मातीची एक बाहुली दिसायची. तुम्ही हललात की तिला तडा जायचा आणि तुम्ही बाद. बरेचसे लोक बाद झाले की तीच मुलगी ‘ओव्हर’ म्हणायची. फोन हातात असो, खिशात असो, त्याला बरोबर कळायचं.

बघता बघता सगळे खेळायला लागले. मी वागळे इस्टेटला पॅनल बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत ऑफिसचं काम बघते. तिथे आवाज आला की डिस्पॅचचा माणूस खोका उचललेला तसाच उभा राहायचा. मशीनवरचे लोकही थांबायला लागले तेव्हा साहेबांनी फोन बाहेर ठेवायला लावले. पण खरं सांगायचं तर मला भीती वाटली ती कोपरच्या भाजीबाजारात. संध्याकाळची गर्दी होती, मी टोमॅटो निवडत होते. तो आवाज आला आणि बाजार थांबला. भाजीवाली पिशवी पुढे करून थांबली. एक बाई पदर सावरता सावरता थांबली. तराजूचं पारडं तेवढं हलत होतं. कुठलंतरी तान्हं मूल रडायला लागलं, आणि त्याला घेतलेली बाई त्याच्याकडे बघेना. माझ्या फोनमध्ये खेळ नव्हता. तरी मीही थांबले होते, हातात टोमॅटो घेऊन. ‘ओव्हर’ आल्यावर सगळे हसले, पुन्हा भाव करायला लागले. मी मात्र टोमॅटो न घेताच घरी आले.

आई या खेळात इतकी चांगली निघेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. सुरुवातीला ती दोन वेळा बाद झाली. मग नाही. कोपरच्या यादीत तिची बाहुली सगळ्यात वर असायची, मग डोंबिवलीच्याही. सोसायटीतल्या बायका बघायला यायच्या. आई गॅससमोर उभी, दूध उतू जातंय, आणि तिच्या पापण्या सोडल्या तर काही हलत नाही. एकदा तिच्या गालावर डास बसलेला मी पाहिला. रक्त पिऊन फुगेपर्यंत तो तिथेच होता.

“आई, एवढं काय आहे त्यात?” मी एकदा विचारलं.

ती वाटाणे सोलत होती. “अगं, आजवर सगळ्यांनी मला हे कर, ते आण असंच सांगितलं. थांब असं ही पोरगीच म्हणते.”

“कोण पोरगी?”

“फोनमधली.”

“आई, तो रेकॉर्ड केलेला आवाज आहे.”

“असेल,” ती म्हणाली. “पण मी थांबले की ती जवळ येऊन उभी राहते. श्वास ऐकू येतो.”

मी हे मुलीला सांगितलं. ती म्हणाली, “मम्मा, आजी टाइमपास करतेय तुझा.” पण त्यानंतर तिने स्वतःच्या फोनवरून खेळ काढून टाकला.

खेळ जसा आला तसाच गेला. एकजण गाडी चालवताना थांबला आणि मोठा अपघात झाला, असा एक व्हिडिओ फिरला. खरा होता की खोटा, कोणाला माहीत. पोरं दुसऱ्या कसल्यातरी खेळाकडे वळली. ऑफिसात फोन पुन्हा आत आले, आवाज मात्र येईनासा झाला. एका रविवारी मी आईला घेऊन बाजारात गेलेले. ‘स्टॅच्यू’ ऐकू आलं, ते फक्त तिच्या पिशवीतून. मेथीची जुडी हातात घेऊन ती थांबली. लोक तिला वळसा घालून जात होते. भाजीवाली म्हणाली, “आजी, बंद झालं ते आता.” जिने महिन्याभरापूर्वी पिशवी पुढे करून श्वास रोखलेला, तीच ही. मी आईच्या शेजारी उभी राहिले, लाज वाटत होती तरी.

मग निरोप आला की अमुक दिवशी दुपारी खेळ कायमचा बंद होतोय. मुलीने तो आजीला वाचून दाखवला. आई फक्त “बरं” म्हणाली.

त्या दुपारी मुलीचा मला ऑफिसात फोन आला. “मम्मा, घरी ये. आजी हलत नाहीये.”

रिक्षा, मग लोकल, मग पुन्हा रिक्षा करून मी घरी पोचले. आई बाल्कनीच्या दारात उभी होती. एका हातात ओला टॉवेल, दुसरा हात दोरीकडे गेलेला. मुलगी समोर जमिनीवर बसून रडवेल्या आवाजात म्हणत होती, “आजी, ओव्हर. मी म्हणतेय ना, ओव्हर.”

बंद व्हायच्या जरा आधी शेवटचं ‘स्टॅच्यू’ आलं होतं. त्यानंतर स्क्रीन पांढरी झाली. ओव्हर आलंच नाही.

मी आईचा हात धरला. गरम होता, नाडी नीट चालत होती. पण खाली ओढला तर येईना. मीही ओव्हर म्हटलं. लहानपणी ती आम्हाला जेवायला बोलवायची त्या सुरात म्हटलं. तिने पापणी मिटली, उघडली, बस. टॉवेलचं पाणी गळून गळून तिच्या पायाशी थारोळं झालं होतं. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना आणायला मुलगी धावली. आईचा फोन मी उचलला. बॅटरी संपून तो बंद पडला होता.

आणि तो काळा फोन माझ्या हातात असताना आईने टॉवेल दोरीवर टाकला, चिमटा लावला, आणि माझ्याकडे वळली.

“तू एवढ्या लवकर कशी आलीस?”

“आई, तू कशी हललीस?”

“तिने ओव्हर म्हटलं ना,” आई म्हणाली. “उशीर केला आज. विसरली असेल.”

डॉक्टरांनी तपासलं. पुढे सगळ्या तपासण्याही केल्या. काही निघालं नाही. खेळ मी तिच्या फोनवरून काढला, मग फोनच बदलला. तरी ती अधूनमधून थांबते. पोळी लाटताना, जिन्यात, बोलता बोलता वाक्याच्या मध्ये. आम्ही आता हाक मारत नाही. गॅस बारीक करतो आणि वाट बघतो. थोड्या वेळाने ती राहिलेलं वाक्य पूर्ण करते.

मागच्या महिन्यात एका लग्नासाठी आम्ही मोहन्याला गेलेलो. जेवण झालं, हॉलबाहेर रिक्षा शोधत होतो, आणि माझ्या हातातला आईचा हात घट्ट झाला. मी समजले, थांबले. सहज समोर पाहिलं. रस्त्याच्या पलीकडे, किराणा दुकानाच्या पायरीवर, आईच्याच वयाची एक बाई उभी होती. एक पाय खालच्या पायरीवर, एक वरच्या. हातातल्या पिशवीचा बंद निसटून मनगटावर आलेला, तो तिने सावरला नव्हता. तिच्यासोबतची तरुण बाई हाक न मारता शेजारी थांबली होती. आमची नजरानजर झाली. कोणीच हसलं नाही.

दोघी एकाच क्षणी हलल्या. त्या बाईने पिशवी सावरली आणि पायरी उतरली. आईने माझा हात सोडला.

“ओळखीच्या आहेत का गं त्या?” मी विचारलं.

“नाही,” आई म्हणाली. “चल, रिक्षा बघ.”