हात पाण्याबाहेर

आमच्या हॉलमधल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत मुठीएवढं एक प्रवाळ आहे. मध्यंतरी ते बुडापासून पांढरं पडायला लागलं. वरचं मऊ, जिवंत आवरण विरत होतं आणि आतला सांगाडा उघडा पडत होता. आमच्या ह्यांनी पेपर वाचायचं भिंग काचेला लावलं, दिवा बदलला, पाणी बदललं, प्रवाळाची जागा तीनदा बदलली. पांढरेपणा वर चढतच राहिला.

शेवटी जिथून ते आणलं त्या दुकानातल्या ताईंना ह्यांनी स्पीकरवर फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, दिवसातून किती वेळा हात घालता पाण्यात?"

हे भिंगाची काच पुसायला लागले. मीच स्वयंपाकघरातून ओरडले, "खरं सांगा!"

ताईंच्या सांगण्यावरून ह्यांनी चांगला राहिलेला शेंडा कापून नव्या दगडावर चिकटवला. पुढचा उपाय मात्र अवघड होता. पंधरा दिवस हात लावायचा नाही.

तेव्हापासून हे टाकीसमोर हात पाठीमागे बांधून उभे असतात. लेकीची हॉस्टेलला जाणारी बस सुटली तेव्हाही असेच उभे होते. जीव लावणं ह्यांना उपजत येतं. लावून लांब उभं राहायला अजून शिकताहेत. मी तरी कुठे शिकलेय? रोज फोनवर तिला "जेवलीस का?" विचारतेच.

आज सकाळी त्या शेंड्यावर प्रवाळाचे केसांसारखे बारीक, जिवंत तंतू फुललेले दिसले.

"अगं, ये लवकर!"

ह्यांचा हात पाण्याकडे गेला आणि काठावरच थांबला. बिचारा जाणार तरी कुठे? मी तो माझ्या हातात घेतला.