बंद पडलेली गाडी आणि एक जास्तीचा रोट

देवाकडे खूण मागू नये, असं माझं आता मत झालं आहे. मिळाली नाही तर माणूस खट्टू होतं आणि मिळाली तर तिचा अर्थ लावता लावता डोकं पिकतं. या श्रावणात मी कानबाईला, म्हणजे आमच्याकडे दरवर्षी घरी बसवतात त्या देवीला, खूण मागितली होती. ती मिळाली, याबद्दल मला शंका नाही. पण ती नेमकी कशाची होती, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. जे घडलं ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे निदान कागदावर तरी ते सरळ दिसेल.

प्रश्न आमच्या गाडीचा होता. आमचा मुलगा बालवाडीत असताना ह्यांनी ती छोटी पेट्रोल गाडी घेतली. जुन्या पद्धतीची, कार्बोरेटरवाली; थंडीत चोक ओढल्याशिवाय उठायची नाही. पण ॲव्हरेज असं, की शेजाऱ्यांच्या नव्या गाड्यांनी मान खाली घालावी. ह्यांनी तिचं तेलपाणी कधी चुकवलं नाही. स्वतःच्या ब्लडप्रेशरची गोळी विसरतील, पण तिचं ऑइल बदलायचं विसरणार नाहीत, यावरून आमची भांडणंही झाली. मला गाडी शिकवली ती ह्यांनीच, चाळिशी उलटल्यावर, जळगावच्या मेहरूण तलावाच्या रस्त्यावर. उन्हात ती बंद पडली की मी चिडायची. हे म्हणायचे, "दमली ती. बसू दे जरा." मग बॉनेट उघडून इंजिनाच्या तापलेल्या पेट्रोलपंपावर ओलं फडकं टाकायचे आणि झाडाखाली शेंगा खात बसायचे.

हे गेले त्याला या श्रावणात दीड वर्ष झालं. गाडी मी चालवत राहिले. मुलगा पुण्यात असतो. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. सुटे भाग मिळत नाहीत, आमचा मेकॅनिक भंगारातून शोधून आणतो, पासिंगची मुदत जवळ आलेली. "आई, एकटी असताना हायवेला बंद पडली तर काय करशील?" शेवटी मी हो म्हटलं. त्यानं गिऱ्हाईकही ठरवलं. कानबाईचं विसर्जन सोमवारी, आणि मंगळवारी सकाळी ते गाडी न्यायला येणार होते. हो म्हणून फोन ठेवला, बादली घेतली आणि गाडी धुवायला खाली गेले. धुता धुता रडू आलं. ह्यांना दुसऱ्यांदा पोचवायला निघाल्यासारखं वाटत होतं. तसेच ओले हात जोडून मी कानबाईला म्हटलं, "बाई, विकू की ठेवू, ते तूच सांग."

मी राहते जळगावला, पण आमचं गाव साक्रीच्या पुढे. आमच्याकडे कानबाई थोरल्या घरी बसते, सगळे भाऊबंद जमतात. आदल्या वर्षी दुःख असल्यानं बसवली नव्हती, म्हणून यंदा घर भरलेलं होतं. रोटाचे गहू मोजायचा मान माझ्या सासूबाईंचा, म्हणजे आक्कांचा. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. त्या गव्हाचे गूळ घातलेले रोट, म्हणजे जाड गोड पोळ्या, होतात. ते फक्त भाऊबंदांनी खायचे, बाहेरच्या कुणाला द्यायचे नाहीत आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. आमच्याकडे परगावी राहणाऱ्यांना आपला वाटा सोबत नेता येतो, एवढीच काय ती सूट.

आक्का नावं घेत होत्या. माझ्या दिरांचं घेतलं, त्यांच्या मुलांचं घेतलं, माझ्या मुलाचं घेतलं. आणि मग सहज, दरवर्षीसारखं, ह्यांचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू टाकले. दीर हळूच म्हणाले, "आक्का, दादा आते कोठे शे?" आक्कांनी सूप पुढे सरकवलं आणि उठल्या. त्यांचा विसराळूपणा वाढलाय, हे सगळ्यांना माहीत होतं. पण देवीच्या नावानं टाकलेले गहू परत पोत्यात कसे घालायचे? कुणालाच सुचलं नाही. तो रोट झाला. कुणी खायचा, तेही कुणाला सांगता येईना. दीर म्हणाले, "वहिनी, तुम्हीच न्या आणि संपवा. पण बाहेर कुणाला देऊ नका."

सोमवारी विसर्जन आटोपून दुपारी मी निघाले. आक्का गाडीपर्यंत आल्या. बॉनेटवरून हात फिरवला. गाडी विकायचं मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. सुती फडक्यात बांधलेला तो रोट त्यांनी माझ्या शेजारच्या सीटवर ठेवला आणि म्हणाल्या, "हाऊ त्याना वाटा शे. गाडीमाच राहू दे." मला राग आला, खरं सांगते. मेलेल्या माणसाचा वाटा शेजारी घेऊन गाडी चालवायची म्हणजे काय? माझ्याच्यानं तो खाववणार नव्हता आणि टाकवणारही नव्हता.

पावसानं ओढ दिली होती, ऊन चैत्रासारखं तापलं होतं. नेर मागे पडलं आणि कुसुंब्याच्या अलीकडे गाडीनं दोन आचके दिले आणि रस्त्याच्या कडेला येऊन थांबली. स्टार्टर मारून मारून बॅटरी रडकुंडीला आली. शेजारून ट्रक धडाधड जात होते. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि म्हटलं, "कळलं ग बाई, विकते." मला हवी होती ती खूण मिळाली होती आणि तिचा मला भयंकर संताप आला होता.

तेवढ्यात समोरून धुळ्याकडून येणारी एक गाडी थांबली आणि वळून माझ्यामागे येऊन उभी राहिली. पाहते तर आमच्याच गाडीची बहीण! तेच मॉडेल, फक्त रंग राखाडी. त्यातून सत्तरीचे एक चाचा आणि त्यांच्या बेगम उतरल्या. धुळ्यात त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं, साक्रीला लेकीकडे निघाले होते. "ही गाडी आता दिसते कुठे, ताई?" ते म्हणाले. "दिसली की मी थांबतोच." बॉनेट उघडून त्यांनी नुसता हात वर धरला, वाफ लागते का ते बघितलं आणि हसले. "काही झालं नाही. दमली ती. बसू द्या जरा."

माझ्या अंगावर काटा आला. जुन्या गाडीवाला कुणीही असंच म्हणेल, हे मला कळतं. तेव्हाही कळत होतं. तरी आला.

त्यांना पंपावर टाकायला ओलं फडकं हवं होतं. माझ्याकडे सुती फडकं एकच, रोटाचं. ते सोडलं, रोट माझ्या रिकाम्या डब्याच्या झाकणावर काढून ठेवला. बेगमनी बाटलीतलं पाणी ओतून फडकं भिजवलं, चाचांनी पंपावर टाकलं. आणि वाकलेले चाचा सरळ होता होताच गाडीला टेकले. कपाळावर घाम डवरला, हात थरथरायला लागले, बोलणं जड झालं. बेगम घाबरल्या. "या अल्ला, इनकी शुगर उतर गई. सुबह इन्सुलिन की सुई ली, खाना टालते रहे, बोले बेटी के घर खाऊँगा." त्यांनी पर्स उलटीपालटी केली. "कुछ मीठा है क्या, बहन?"

गोड म्हणजे गूळ. गूळ म्हणजे तो रोट. मी क्षणभर थबकले, हे लपवत नाही. दिरांचा आवाज कानात होता, आक्कांचा होता. भाऊबंदांपलीकडे रोट गेला असं आमच्या घरात कधी ऐकलेलं नाही. पण समोर माणूस खाली बसत चालला होता. मी रोट मोडला आणि पहिला घास माझ्याच हातानं त्यांच्या तोंडात घातला. मग दुसरा. मग ते स्वतः खायला लागले, सावकाश, शेवटच्या चुऱ्यापर्यंत. थोड्या वेळानं चेहऱ्यावर रंग आला. म्हणाले, "फार चांगला झाला होता. घरचा आहे?" मी नुसती मान हलवली.

बेगमनी माझा हात घट्ट धरला. "गाडी ये चला रहे थे, बहन. आगे जाके रस्ते में होता तो? आपको अल्लाहनेच यहाँ खड़ा किया." मला वाटत होतं, मला मदत करायला देवानं त्यांना पाठवलं. त्या म्हणत होत्या, त्यांच्या मदतीला मला उभं केलं. आणि मी तर गाडी बंद पाडल्याबद्दल कानबाईला बोल लावत होते! चाचांना बरं वाटल्याची खात्री करून त्यांनी साक्रीच्या जावयाला बोलावून घेतलं. तो येईपर्यंत माझी गाडी निवली होती; ती पहिल्याच स्टार्टरला उठली आणि जळगावपर्यंत कुठे हूं की चूं केलं नाही.

आता या खुणेचा अर्थ कुणीतरी मला सांगावा. बंद पडली म्हणजे विक. सुरू झाली म्हणजे ठेव. बंद पडली नसती तर चाचांचं काय झालं असतं? आक्का विसरल्या नसत्या तर मी त्यांना काय भरवलं असतं? मंगळवारी गिऱ्हाईक आलं. त्यांना चहा पाजला आणि सध्या देत नाही म्हणून सांगितलं. मुलानं कारण विचारलं, मला देता आलं नाही. तो अजून थोडा रुसलेला आहे.

आक्कांना फोन करायला मात्र धीर होईना. पौर्णिमा टळायच्या आत केला. सगळं सांगितलं, काहीही आडपडदा न ठेवता. कोण होते, कुठे, कसं. शेवटी म्हटलं, "आक्का, ह्यांचा वाटा मी बाहेरच्या माणसाला दिला." मला वाटलं, आता बोलणी बसणार.

"पोटभर खादा का त्यानी?" आक्कांनी विचारलं.

"हो आक्का. एक घाससुद्धा उरला नाही."

"मंग व्हयनं," त्या म्हणाल्या, झालं तर मग, एवढंच, आणि फोन ठेवून दिला.

त्या खरंच विसरल्या होत्या की नाही, ते मी त्यांना विचारलेलं नाही, आणि आता विचारणारही नाही. कानबाईला मी हात जोडते, पण खूण मागत नाही. गाडी जायची तेव्हा जाईल. तोवर तिचं तेलपाणी मी वेळेवर करते, आणि प्रवासाला निघताना शेजारच्या सीटवर सुती फडकं आणि काहीतरी गोडाचं ठेवते.