क्षिप्रेपलीकडची अक्का

पिंडाला कावळा शिवला, आणि तोही असा चटकन की मोरोपंतांचे हात जोडायचेसुद्धा राहून गेले.

"बघा पंत, नारायणरावांचं मन कशात अडकलं नव्हतं," उमाशंकरभटजी म्हणाले. "सुटला जीव."

धाकट्या भावाचा तो दहावा दिवस. पाच-सहा दिवसांपूर्वी देवासात प्लेग शिरला होता, म्हणून सगळं गाव शेतांत झोपड्या घालून राहत होतं. पण दहाव्याला नदी हवी, म्हणून मोरोपंत मंडळींना घेऊन क्षिप्रेवर आले होते. नारायणराव कामासाठी मनावर गावी गेला, परतताना धार शहरात त्याला ताप भरला, आणि चार दिवसांत दवाखान्याची तार आली: प्लेगनं वारले, दहन केलं. झालं! पाठच्या भावाचं शेवटचं तोंडही दिसलं नाही.

आता राहिलं होतं यमुनेचं. नारायणरावाची बायको, जेमतेम वीस वर्षांची. पाण्याकडे तोंड करून ती बसली होती आणि तिच्यामागे न्हावी वस्तऱ्याला धार लावत होता. मोरोपंतांना ते बघवेना. तसा माणूस फार मायाळू हो! पण देवासच्या दरबारी ब्राह्मणांत त्यांचं घर रीतीभातीला कडक म्हणून नावाजलेलं. दहाव्या दिवशी विधवेचे केस उतरवायचे म्हणजे उतरवायचे, त्यात मायेला विचारतो कोण? त्यांनी मान फिरवली आणि न्हाव्याला हातानं खूण केली.

"थांबा! अहो थांबा! तिच्या केसांना हात लावू नका!"

आवाज पलीकडच्या काठावरून आला. तिथं इंदूरकडून येणाऱ्या सडकेवर प्लेगचा नाका होता. जाड्याभरड्या लुगड्यातली, चाळिशीची एक किडकिडीत बाई नाक्यावरून धावत खाली पाण्यापर्यंत आली होती, आणि नाक्याचा शिपाई गणोजी काठी घेऊन तिच्यामागे धावत होता.

"ओ बाई, पानी में मत उतरो! धार से आई हो, दस दिन यहीं रुकना पड़ेगा!"

"उतरत नाही रे भिया! प्लेग कसा पसरतो ते तू मला शिकवतोस? पण ओरडायला तर मनाई नाही ना?" आणि मग तिनं दोन्ही हात तोंडाशी धरून असा आवाज लावला की झाडावरची पाखरं उडाली. "मी धारच्या दवाखान्यातली नर्स! नारायणराव जिवंत आहेत!"

न्हाव्याचा हात हवेतच राहिला. भटजी मात्र भडकले.

"काहीतरीच काय बाई! आत्ता डोळ्यांदेखत कावळा शिवलाय!"

"कावळ्याला भूक लागली असेल!"

मोरोपंतांच्या अंगाचा तिळपापड झाला. "मेला म्हणून तार तुमच्याच दवाखान्याची ना? मेला हेही तुम्हीच सांगणार, जगला हेही तुम्हीच! आमची थट्टा मांडलीय का?"

"थट्टा नाही, चूक आहे. आणि चूक माझी आहे," ती म्हणाली. ओरडूनच म्हणाली, पण मान खाली घालून. "प्लेगच्या झोपडीत आम्ही रोग्याचे कपडे जाळतो. तेवढी पगडी खाटेवरच्या खुंटीला ठेवतो. भरल्या झोपडीत पगडीवरूनच माणूस ओळखायचा. भिंतींना चुना लावायचा म्हणून खाटा मी हलवल्या, पगड्या हलवायच्या राहिल्या. तुमच्या भावाच्या पगडीखाली मनावरचे दुसरेच गृहस्थ आले, आणि ते गेले. नारायणरावांच्या गळ्याला गाठ होती, शुद्ध नव्हती. काल सकाळी डोळे उघडले आणि नाव सांगितलं. मी लगेच तार करवली, तर देवासात कोणी नाही म्हणून ती परत आली. मग मीच निघाले. इथं नाक्यावर कळलं, त्यांचाच दहावा चाललाय!"

खरं असावं असं मोरोपंतांना इतकं वाटत होतं की विश्वास ठेवायचीच भीती वाटू लागली. आज थांबलो आणि उद्या कळलं की हाही दुसराच कोणी, तर पोरीला परत इथं आणून बसवायचं? ते पाप कुणाच्या माथी?

"पुन्हा चूक झाली नसेल कशावरून?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात यमुना उभी राहिली. लग्नाला चार वर्षं झाली, पण भासऱ्यांसमोर तिनं कधी शब्द काढला नव्हता. ती सरळ गुडघाभर पाण्यात शिरली.

"निरोप दिलाय का काही?"

"दिलाय बाळ. पण चारचौघांत सांगण्यासारखा नाही."

"सांगा!"

"म्हणाले, चातुर्मासात कांद्याची भजी झाली ती माझ्या हट्टापायी. वास जावा म्हणून तिनं देवघरात ऊद जाळ जाळला, आणि दादांना वाटलं, काय ही पोर भाविक! आता मी वाचलोय तर म्हणावं, दादांना एवढं मात्र कळू देऊ नकोस."

अरे देवा! मोरोपंतांनी त्या भाविकपणाचं कौतुक सगळ्या आळीत सांगितलं होतं. यमुना हसू लागली आणि हसता हसता हमसाहमशी रडू लागली. "तेच आहेत! अगंबाई, तेच आहेत!"

"ऊठ," मोरोपंत न्हाव्याला म्हणाले. "वस्तरा ठेव पेटीत आणि जा घरी!"

त्यांनी पलीकडे पाहिलं. ओरडण्याच्या भरात त्या बाईचा पदर डोक्यावरून घसरला होता. डोकं भादरलेलं होतं. तिनं सावकाश पदर वर घेतला.

"मी सोळा वर्षांची होते," ती म्हणाली. "पलीकडून कोणी ओरडलं नाही."

तिचं नाव सुमंगला, पण रोगी तिला अक्का म्हणत. नाक्यावर अडवलेल्या माणसाला मागंही फिरता येत नसे, म्हणून दहा दिवस तिला तिथल्या छपरात राहावं लागलं. मोरोपंत रोज शिधा घेऊन अलीकडच्या काठावर येत, गणोजी तो तिला नेऊन देई, आणि मग दोघांचं नदीवरून मोठमोठ्यानं बोलणं चाले. दिराच्या घरी तिनं वीस वर्षं रांधलं, वाढलं, उष्टी काढली. दीर आजारी पडला तेव्हा त्याच्याबरोबर दवाखान्यात आली. तो बरा होऊन घरी गेला, ही मात्र राहिली. डॉक्टरीणबाईंनी शिकवलं. कोणी शिवायला तयार नसलेल्या खाटा तिच्याकडे. गंधवानीकडचा भिल्ल असो की दरबारचा कारकून, त्याचं गाव, घर, बायकापोरं तिला पाठ. वारलेल्याच्या घरी निरोप जातो की नाही, तेही तीच बघायची. नाक्यावर तरी स्वस्थ बसली का? छे! अडकलेल्या लोकांत दोघांना ताप चढला, तर त्यांच्या उशाशी हीच.

"आता धारेला परत ना?" दहाव्या दिवशी मोरोपंतांनी विचारलं.

"आधी मनावर. तिथं एक बाई कुंकू लावून वाट बघतेय. चूक माझी, तर तिला तारेनं कसं कळवू?"

एका घरी कुंकू राखायला धावलेली ही बाई आता दुसऱ्या घरी कुंकू पुसल्याची बातमी द्यायला स्वतःच्या पायांनी निघाली होती. ही कसल्या मातीची घडवलीय, ते मोरोपंतांना समजेना.

वैशाखात नारायणराव घरी आला. नुसती हाडं उरली होती, पण होता. उमाशंकरभटजींनी त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवलं.

"याचा दहावा झालाय. शास्त्रानं हा मेलेला आहे. आता परत जन्माला घालायला हवा. तुपानं न्हाणं, जातकर्म, नाव, मुंज, आणि याच बायकोशी पुन्हा लग्न. मांडीवर घ्यायला आईच्या जागी कोणी सुवासीण बघा."

मोरोपंतांनी टांगा धारेला पाठवला.

अक्का आल्या आणि बेत ऐकून संतापल्याच. "पंत, तुम्हाला वेड लागलंय का? मी अशी! शुभकार्यात माझी सावली चालत नाही."

"खरं आहे, विधवा चालत नाही," भटजीही म्हणाले.

"मग हा जन्मच होणार नाही," मोरोपंत म्हणाले. आवाज चढला नव्हता. "सुवासिनी ढीगभर आहेत, भटजी. पण या पोराला मृत्यूच्या दाढेतून ओढून काढलं ते हिनं. आई म्हणजे आणखी काय असतं, ते तुमच्या पोथीतून मला दाखवा."

भटजींनी पोथी उघडली, मिटली, आणि मुकाट्यानं मंत्र सुरू केले.

तीस वर्षांचा नारायणराव नव्या धोतरात गुंडाळून अक्कांच्या मांडीवर डोकं ठेवून निजला. वडिलांच्या जागी बसून मोरोपंतांनी त्याच्या जिभेला मध लावला. मग आईनं कानात नाव सांगायचं. मरणाऱ्यांचे कितीतरी डोळे ज्या हातांनी न डगमगता मिटले होते, त्याच हातांनी त्यांनी आता त्याचं डोकं धरलं. अक्का वाकल्या. ओठ हलले, पण शब्द फुटेना. शेवटी कसाबसा आवाज आला, "नारायणा...", आणि त्याच्या कपाळावर टपटप आसवं पडली.

विधी आटोपला. अक्का डोळे पुसत उठायला लागल्या, तर पुढं मोरोपंत उभे. पन्नाशीचा, जाडजूड देहाचा, त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा माणूस. ते धापा टाकत खाली बसले आणि भर मंडळींत त्यांनी अक्कांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"अहो, हे काय भलतंच! उठा!"

"भलतं काय त्यात?" मोरोपंत डोकं न उचलता म्हणाले. "धाकट्याची आई झालात. मी त्याचा सख्खा भाऊ आहे."