फाटलेल्या पत्रातल्या दोन ओळी

आधीच सांगतो, मी पुराव्याचा माणूस. कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं. भूत, भविष्य, अंगात येणं... कुणी असलं काही सांगायला लागलं की माझा पहिला प्रश्न — पुरावा काय? बायको म्हणते, साक्षात देव समोर उभा राहिला तरी तुम्ही त्याच्याकडे रेशनकार्ड मागाल. तरीही हे लिहितोय, कारण या एका गोष्टीचा पुरावा माझ्याकडे आहे आणि तोच मला छळतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही घाटकोपर पूर्वेला, पंतनगरात दुसऱ्या मजल्यावर राहायचो. बाबा आधीच गेलेले, घरात आई आणि मी. आई मालवणकडची, तीस वर्षं मुंबईत काढून मालवणीच बोलायची. मोतीबिंदूमुळे तिला अक्षर लागायचं नाही, त्यामुळे आलेलं पत्र मीच वाचून दाखवायचो. पत्र म्हणजे थोरल्या भावाचं, सुधीरदादाचं. तो परदेशी मालवाहू बोटीवर खलाशी होता. महिन्याला त्याचं एक पत्र ठरलेलं, पण त्या वेळी चार महिने काहीच आलं नव्हतं. आई रोज दुपारी गॅलरीत उभी राहायची. पोस्टमन खालूनच हात हलवायचा — नाही.

मी तेव्हा एम.ए. करत होतो. मुलुंडला आमचे एक निवृत्त सर राहायचे, जिद्दीने स्वतःच ग्रीक शिकलेले. रोमनांच्या अमलाखालच्या इजिप्तमध्ये साध्या माणसांनी ग्रीकमध्ये लिहिलेली पत्रं वाळूत टिकून राहिली आहेत. सर म्हणायचे, "राजांच्या लढाया कुणीही सांगेल रे. माणसं कशी जगली ते या चिठ्ठ्यांत आहे." अशी दहा पत्रं इंग्रजी भाषांतरांवरून मराठीत आणायचं काम त्यांनी मला दिलं होतं. नियम एकच. किडीने खाल्लेल्या, फाटलेल्या जागी टिंबं द्यायची, मनाचं काही भरायचं नाही.

त्यातलं एक पत्र रोमन आरमारात भरती झालेल्या पोराने आईला लिहिलेलं. एका दुपारी मी ते मोठ्याने वाचून बघत होतो. आई शेजारी बसून सुक्या कोळंबीचे सोडे निवडत होती. "आई, मी सुखरूप पोचलो. मला दुसऱ्या जहाजावर घातलंय..." इथे मूळ कागद फाटलेला होता, दोन ओळी गायब. मी थांबलो.

आई मान वर न करता म्हणाली, "धाकट्याक माझा कांबळा दी. वस्तरो मात्र कोणाक देव नको, मी इलंय की माका लागतलो."

"हे काय गं?"

"तेनाच लिवल्यान मा? तू थांबलंस म्हणान मी सांगलंय."

मला हसू आलं. गंमत म्हणून मी मार्जिनमध्ये पेन्सिलीने लिहून ठेवलं — माझं कांबळं धाकट्याला दे, वस्तरा कुणाला देऊ नको, मी आलो की मला लागेल. रविवारी सरांनी ते पाहिलं आणि माझी चांगली हजेरी घेतली. "भोक असेल तिथे भोकच दाखवायचं. तुझ्या आईला ग्रीक येतं का?" मी कान पकडले.

पुढच्या रविवारी गेलो तर सर दारातच उभे. परदेशातून त्यांच्या मित्राने एका नव्या लेखाची झेरॉक्स पाठवली होती, आदल्याच दिवशी पोस्टाने आलेली. भलत्याच म्युझियममध्ये पडून असलेला एक तुकडा याच पत्राचा निघाला होता, कडा जुळल्या होत्या. सरांनी त्या ओळींवर बोट ठेवलं. कांबळं धाकट्या भावाला द्यावं. वस्तरा मात्र ठेवावा, परत आल्यावर लागेल.

"हे तू आधी कुठे वाचलंस? खरं सांग."

"सर, आईच बोलली."

सरांचा विश्वास बसला नाही. माझाही बसला नसता. मी सगळ्या शक्यता तपासल्या. दादा कधी असं काही बोलला होता का? नाही, तो तर दाढीचं सामान सोबत घेऊन गेला होता. आरमारात गेलेला पोरगा घरी कांबळं ठेवून जाईल, हा अंदाज करता येतो हो... पण वस्तरा?

खरं म्हणजे तिथेच थांबायला हवं होतं. पण चार महिने छातीवर धोंडा होता. घरी आलो आणि चप्पल न काढताच विचारलं, "आई, दादाने काय लिहिलं असेल गं? त्याच्या पत्रात?"

ती डोळे मिटून बसली, एखादी गोष्ट ऐकू येते का बघतात तशी. मग म्हणाली, "कागद असलो तर सांगतलंय. नसलेल्या कागदातला खंयसून सांगू?"

"म्हणजे? पोस्टात कुठे अडकलं असेल."

"नाय रे बाबू. तेना लिवकच नाय."

आणि मग तिचा चेहरा बदलला. मला वाटतं, आपण काय बोललो ते तिला त्या क्षणी कळलं. मी तिचा हात धरला.

अकरा दिवसांनी कंपनीचं रजिस्टर्ड पत्र आलं. शेवटच्या बंदरातून दादाने पत्र टाकलं होतं, ते चार महिन्यांपूर्वी आम्हाला मिळालेलं शेवटचं पत्र. बोट निघाली आणि दुसऱ्याच दिवशी तो बोटीवरून बेपत्ता झाला होता. इतके महिने का कळवलं नाही, याचं उत्तर कुणी दिलं नाही.

पुढे मी आईसमोर कुठलंच फाटकं पत्र वाचलं नाही आणि तिनेही विषय काढला नाही. पेन्सिलीने लिहिलेला तो कागद अजून माझ्याकडे आहे. सहकाऱ्यांना दाखवला की ते योगायोग म्हणतात. म्हणोत, माझ्याकडे दुसरं स्पष्टीकरण नाही.

मला छळतात ते मधले अकरा दिवस. पोस्टमन रोज यायचा, खालून हात हलवायचा, आणि वर गॅलरीत कुणी नसायचं. मी विचारलं नसतं तर आईला ते अकरा दिवस तरी मिळाले असते.