कूलरच्या पत्र्याचा कॉम्प्युटर

१४ मे. दुपारचे दोन. जळगावच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये मी गुडघ्यावर बसून कॉम्प्युटरच्या वायरींना फेराइटचे मणी अडकवत होते. काही चार्जरच्या वायरीवर एक काळा फुगवटा असतो, तोच हा मणी. वायरीतून बाहेर पडणारा रेडिओचा गोंगाट तो थोडा दाबतो. चौथा मणी लावला आणि मीटरकडे बघितलं. काही फरक नाही.

"मॅडम, माळच करायची का आता?" पारसशेठ म्हणाले. शेड त्यांची, कॉम्प्युटरही त्यांचा. घरात मुलांना अभ्यासाला वापरता यावा असा छोटा डबा, पुस्तकाएवढा.

चालू असलेला कॉम्प्युटर नकळत एक छोटं रेडिओ स्टेशनच असतो. त्याचा गोंगाट किती असावा याला लिमिट आहे. ऑफिससाठी थोडी सैल, घरासाठी कडक, कारण घरात भिंतीपलीकडे कोणीतरी रेडिओ ऐकत असतं. लॅबमध्ये मोजून पास झाल्याशिवाय सर्टिफिकेट नाही आणि सर्टिफिकेटशिवाय हा माल विकत घेणारा घ्यायला तयार नव्हता. माल लिमिटखाली आणून देणं हा माझा धंदा. सव्वीस वर्षं तेच करते आहे.

पुण्याच्या लॅबमध्ये आम्ही एकदा नापास झालो होतो. पुढची तारीख सोमवारची होती. हातात चार दिवस.

गंमत अशी, की पहिलं सॅम्पल उत्तम होतं. बोर्ड तोच, वायरी त्याच. मग बदललं काय? मी मण्यांचा नाद सोडला आणि मल्टिमीटर घेतला. त्याच्या दोन सुया एकमेकींशी जोडलेल्या धातूला लागल्या की तो बीप करतो. एक सुई झाकणाच्या स्क्रूवर, एक बॉडीच्या स्क्रूवर. बीप नाही.

लोखंडी डबा हा कुकरसारखा असतो. झाकण नीट बसलं तर आतलं आत राहतं. त्यासाठी कडेला धातूला धातू लागावा लागतो. म्हणून ड्रॉइंगमध्ये बोटभर पट्टी कोरी ठेवलेली होती, तिथे रंग नको. मी घराच्या किल्लीने ती पट्टी खरवडली. राखाडी रंग निघाला. बाकीच्या डब्यासारखा भट्टीत पक्का केलेल्या पावडर कोटिंगचा नव्हे, ब्रशने दिलेला. छटा इतकी जुळवलेली, की डोळ्यांना कळूच नये. आणखी तीन डबे उघडले. तिन्हींना तेच.

"तरी मी म्हणत होतो," पारसशेठ म्हणाले. "गल्लीतल्या माणसाला काम दिलं की असंच होतं. अहमदाबादला रेडीमेड कॅबिनेट मिळतं. तुमच्या रशीदभाईंना सांगून टाका."

"सोमवारपर्यंत थांबा."

"सोमवारपर्यंत. मंगळवारी मी फोन करणार."

गल्लीतला माणूस हे खरं होतं. रशीदभाईंचं धुळ्याचं वर्कशॉप माझ्या वडिलांच्या दुकानाच्या समोर. ते कूलरच्या बॉड्या बनवतात. जून लागला की कूलर संपतो आणि फेब्रुवारीपर्यंत चार कारागीर रिकामे. त्यातले दोघे दर वर्षी सुरतेला जातात, एखादा परतच येत नाही. हे काम राहिलं तर पहिल्यांदाच पावसाळ्यात वर्कशॉप चालू राहणार होतं. पारसशेठकडे त्यांच्यासाठी शब्द मीच टाकला होता.

दुसऱ्या दिवशी एक कॉम्प्युटर मांडीवर घेऊन सकाळची एसटी पकडली. एरंडोल, पारोळा, धुळे.

वडील रेडिओ दुरुस्त करत. त्यांच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. लोक खरखरणारा रेडिओ घेऊन यायचे, तर वडील तो उघडायच्या आधी विचारायचे, "शेजारी नवीन काय आलंय?" मिक्सर, ट्यूबलाइट, शिलाई मशीनची मोटर, काहीतरी निघायचंच. मग ते रेडिओ न उघडताच परत द्यायचे आणि चहा पाजायचे. आई म्हणायची, असं केलं तर दुकान कसं चालेल? फार नाही चाललं. पण माझं सगळं शिक्षण त्या एका प्रश्नात झालं, कॉलेज नंतरचं.

रशीदभाई पत्रा वाकवत होते. खिळ्याला टांगलेला ट्रान्झिस्टर गात होता. मी डबा उघडून पट्टी दाखवली.

"हा रंग कोणी दिला?"

"मीच! बठ्ठा मना हातनं काम शे, ताई." सगळं स्वतःच्या हाताने केलेलं, चेहऱ्यावर कौतुकाची वाट. "पोरं रंगाच्या वेळी पट्टीवर लावलेला टेप काढून तसंच देत होती. मी म्हटलं, उघडं लोखंड आपण कोणाला देत नाही. एकेक डबा घेऊन बसलो. कळतं का कुठे जोड आहे?"

"नाही कळत. तेच तर झालंय."

मी झाकण पुन्हा आवळून कॉम्प्युटर चालू केला आणि ट्रान्झिस्टर खिळ्यावरून काढून डब्याच्या कडेला धरला. गाणं गेलं. नुसती खरखर. रशीदभाईंनी हातोडी खाली ठेवली. मग मी कॉम्प्युटर बंद केला, सँडपेपरने चारही पट्ट्या घासल्या, झाकण आवळलं आणि पुन्हा चालू केला. गाणं चालू राहिलं.

त्यांनी स्वतः दोनदा करून बघितलं. मग जरा चिडूनच म्हणाले, "हे आधी सांगायचं ना. तुमच्या कागदावर नुसतं 'रंग नको'. मला वाटलं, रंग वाचवताय."

"आता सांगते."

"आता माझं ऐका. एक पावसाळा जाऊ द्या, ही पट्टी लाल होईल. गंजातून तुमचा बीप येतो का?"

नाही येत. सव्वीस वर्षांचा अनुभव, आणि पट्टीच्या गंजाचा विचार मी केलेला नव्हता. सोमवारी पास झालो असतो आणि दिवाळीपर्यंत त्याच डब्यांनी लोकांच्या घरचे रेडिओ खरखरले असते.

"मग?"

"मग काय? कूलरच्या टाकीचा पत्रा घ्या. जस्त चढवलेला. पाण्यात उभा असतो सहा महिने, काही होत नाही. बाहेरून रंग धरायला घासावा लागतो, घासू."

जस्तातून वीज छान वाहते. मी मान हलवली. शनिवारी रात्रीपर्यंत त्यांनी तीन डबे दिले, पट्टीवर टेप तसाच ठेवून. म्हणाले, "तुमच्या हाताने काढा, म्हणजे उघडा पत्रा दिला म्हणून माझं नाव नको."

सोमवारी लॅबच्या खोलीत डबा फिरत्या टेबलावर ठेवला. भिंतींना फोमचे सुळके, समोर अँटेना. पडद्यावरची रेघ तासभर लिमिटच्या खालीच राहिली. पास.

पारसशेठना फोन केला. ते म्हणाले, "जून-जुलैत किती डबे देतील ते?" अहमदाबादचं नाव निघालं नाही.

रशीदभाईंना सांगितलं तर त्यांनी विचारलं, "पास म्हणजे? किती मार्क?"

मनापासून काम करणाऱ्या माणसाला नुसती सूचना दिली, की तो ती सुधारतो. कारण दिलं, की तो आपल्याला सुधारतो.

मंगळवारी सकाळी मी माझी जुनी ड्रॉइंग उघडली, बाकीच्या गिऱ्हाइकांची. 'रंग नको' सतरा ठिकाणी लिहिलेलं होतं. का नको, ते एकाही ठिकाणी नव्हतं. चहा घेतला आणि पहिल्यापासून लिहायला बसले.