आधी त्याचं, मग तुझं

अगं शोभे, सरक, जवळ बस. आणि तो मोबाईल उलटा ठेव. मघापासून मी बोलतेय आणि तू नुसतं हं-हं करतेस. असलं हं-हं मंगलबाईंना मुळीच चाललं नसतं.

मंगलबाई म्हणजे ताडकळसच्या अलीकडच्या आमच्या गावातल्या शाळेच्या बाई. आमच्याच पुढच्या खोलीत भाड्यानं राहायच्या. शाळेची भिंत आमच्या परसाला लागून, म्हणून भाकरी थापता थापता त्यांचा वर्ग मला ऐकू यायचा. गलका असा नाहीच. एक पोर बोलायचं, बाकीची गप्प. कोणाच्या बोलण्यावर उत्तर द्यायचं असलं, तर तो काय म्हणाला ते आधी त्यालाच सांगायचं. त्यानं "हो, हेच" म्हटलं की मग आपलं बोलायचं. "आधी त्याचं, मग तुझं," एवढंच बाई म्हणायच्या.

एकदा दोन पोरं भांडली. एकाच्या शेळीनं दुसऱ्याच्या रानातली तूर खाल्ली होती. बाईंनी शेळीवाल्याला उभं केलं. तो घुश्शातच म्हणाला, "ह्यो म्हणायलाय, आमच्या शेळीनं याची तूर खाल्ली."

"त्याचं पुरं झालं नाही. अजून काय म्हणाला?"

पोरगं त्याच्याकडं वळलं. मग हळूच म्हणालं, "राखणीला ह्यो होता, म्हणून याच्या बापानं याला मारलं." तेवढं स्वतःच्या तोंडून निघालं आणि त्याचा राग उतरला.

आणि माझं सांगू? तुझे काका गेले त्या वर्षी जो तो येऊन मला समजावून गेला. बाई मात्र संध्याकाळी ओट्यावर बसून माझं ऐकायच्या आणि शेवटी माझंच मला सांगायच्या. "तुम्हाला रडू येत नाही, त्याचाच तुम्हाला धसका बसलाय. असंच ना?" असंच होतं गं.

पण गावाला हे कसं पटावं? आमच्याकडं चांगली शाळा कोणती, तर जिचे पाढे पारापर्यंत ऐकू येतात ती. शेजारच्या वर्गातले गुरुजी पोरांना ओरडायला लावून दारात तंबाखू मळत बसायचे, त्यांचं केवढं नाव! बाईंच्या वर्गातून आवाज नाही, म्हणजे बाई झोपा काढायल्यात, असं ठरलं. बदलीचा अर्ज लिहिला गेला, सभा बोलावली.

सभेत बाईंनी आपण काय शिकवतो आणि कशासाठी, ते शांतपणे सांगितलं. संपायच्या आत चौघं एकदम बोलू लागले. बाईंनी हात जोडले. "खुशाल बदली करा. पण मी आत्ता काय म्हणाले, तेवढं कोणीतरी सांगा."

मग सरपंच म्हणाले, "बाई, आमाला बी पहिलीत बसवायल्या का?" लोक पोट धरून हसले.

बदली झाली, पार वालूरच्या बाजूला. रिक्षात पेटी ठेवताना बाई मला म्हणाल्या, "पोरं शिकली हो. चुकलं एवढंच, आईबापांचा वर्ग आधी घ्यायला पाहिजे होता."

गेल्या उन्हाळ्यात त्या वारल्या. निरोप आला तेव्हा पारावर कोणीतरी विचारलं, "कोण मंगलबाई? ती झोपणारी?"

ऊठ आता, तुझी बस येईल. दिवाळीची वाट बघू नको, लवकर ये शोभे. आणि आलीस की आज मी काय बोलले ते मला सांग. बाई गेल्यापासून माझं मला सांगणारं कोणी उरलं नाही.