पास्कुआलच्या नातवाचं नाव

अर्धी मेथी निवडून झाली होती, अर्धी परातीत तशीच, आणि बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे पास्कुआल.

"जय भीम, सिस्टर!"

हे त्यांना इथे ओमानात, दुक्मच्या कामगार कॅम्पमधल्या आपल्या पोरांनी शिकवलेलं. अकरा वर्षं ते तिथल्या मेसचे आचारी होते. आमचे हे अजून तिथेच आहेत. गुडघे दुखायला लागले म्हणून पास्कुआल गेल्या वर्षी इथे सीबला एका छोट्या हॉटेलात लागले.

न विचारताच परातीशी बसले नि मेथी निवडायला लागले, माझ्यापेक्षा भरभर. तेव्हाच ओळखलं, काहीतरी बिनसलंय. आमचं बोलणं मोडक्या हिंदीत, त्यामुळे कळायला जरा वेळ लागला.

फिलिपिन्समध्ये त्यांच्या लेकीला सतरा मेला मुलगा झाला. त्यांच्या घरची रीत अशी, की कॅलेंडरात त्या दिवशी ज्या संताचं नाव, तेच बाळाचं. पास्कुआलही सतरा मेचेच. लेक म्हणते, बाळही पास्कुआल. उद्या चर्चमध्ये बारसं, आज नाव कळवायचंय, आणि हे अडून बसलेत.

"म्हाताऱ्याचं नाव आहे, सिस्टर. शाळेत पोरं हसायची. बाबांनी कॅलेंडर बघितलं, खलास! एक मिनिट विचार नाही केला."

"पण अर्थ काय हो त्याचा?"

"ईस्टरचा. आमचा येशू पुन्हा उठला, त्या सणाचा." मग जरा लाजून म्हणाले, "स्पेनच्या लोकांनी आमच्यावर तीनशे वर्षं राज्य केलं, ही नावं त्यांचीच. हा संत मेंढ्या राखायचा. पुढे मठात स्वयंपाक केला. आमच्याकडे बायका चुलीजवळ त्याचं चित्र लावतात."

"आचाऱ्यांचा संत! आणि तुम्हाला नको?"

त्यांना म्हटलं, माझ्या आजोबांचं नाव दगडू, गावाने ठेवलेलं. दीक्षा घेतल्यावर त्यांनी मुलाचं नाव स्वतः निवडलं, उत्तम. तुम्हालाही नको असेल तर नका ठेवू. पण आधी आमच्या यांना विचारू.

शुक्रवार, सुट्टीचा दिवस, हे मेसमध्येच जेवत होते. फोन स्पीकरवर टाकला.

"अहो, पास्कुआलभाऊ म्हणतात त्यांचं नाव चांगलं नाही."

"कोण म्हणतं? इथे अजून जेवलास का असं कुणी विचारत नाही. पास्कुआल झालं का, असं विचारतात!"

मागून कुणीतरी ओरडलं, "पास्कुआलभाय, वापस आ जाओ! नयावाला रोज भेंडी खिलाता है!"

मग ताटं वाजायला लागली. पास्कुआल! पास्कुआल!

त्यांनी डोळे पुसले. म्हणाले, मेथी झोंबली. मेथी!

परातीशी बसूनच लेकीला फोन लावला. त्यांच्या भाषेतलं मला काही कळलं नाही, शेवटचा शब्द तेवढा कळला, पास्कुआल. तिकडे लेक किंचाळलीच. मी बुद्धांच्या फोटोपुढे हात जोडले, दुसरं काय करणार?

"उद्या सगळ्या बिल्डिंगला माझ्या हातचं फ्लॅन, अंड्या-दुधाचं पुडिंग," पास्कुआल उठत म्हणाले. "यल्ला, चला सिस्टर, बाकीची मेथी तुमची!"

माझ्याकडून कापडी पिशवी मागून घेतली आणि सीबच्या सूकमधून, म्हणजे बाजारातून, चार डझन अंडी आणायला निघाले.